मोसुलची मुक्तता आणि तिची किंमत

योना संदेष्ट्याचे नाव ज्या घरात कधी ऐकलेले नाही असे ख्रिस्ती घर आपल्याकडे क्वचितच आढळेल. महामत्स्याच्या उदरात तीन दिवस राहून जिवंत बाहेर आलेल्या त्या संदेष्ट्याची कथा धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही हौसेने सांगते. परंतु त्या कथेचा उत्तरार्ध पुष्कळांच्या स्मरणातून निसटलेला असतो. निनवे नगराने पश्चात्ताप केला, देवाने आपला कोप आवरला आणि नगर वाचले. पण योनाला मात्र ते रुचले नाही. त्या पापी नगरावर संकट का कोसळले नाही, म्हणून तो रुसून वेशीबाहेर जाऊन बसला. तेव्हा देवाने त्याची समजूत घातली. तिचा आशय असा, की नगर म्हणजे केवळ त्यातील दुर्जन नव्हेत. त्यात हजारो अजाण जीव आहेत, मुकी जनावरे आहेत, आणि त्या सर्वांची कळकळ त्यांच्या निर्मात्याला आहे.

ही कथा येथे सांगण्यास कारण आहे. त्या निनवेचे तट आणि टेकाडे इराक देशाच्या उत्तर भागात, तैग्रीस नदीच्या पूर्व तीरावर आजही दिसतात. त्यांच्याभोवती व नदीच्या पलीकडच्या तीरावर मोसुल नावाचे मोठे शहर वसलेले आहे. २०१४ साली हे शहर स्वतःस ‘इस्लामिक स्टेट’ म्हणविणाऱ्या सशस्त्र टोळीच्या हाती गेले. ते परत घेण्यासाठी ऑक्टोबर २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंत, सुमारे नऊ महिने, जी लढाई झाली तिची गणना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मोठ्या शहरी लढायांत होते. योनापुढे देवाने ठेवलेला प्रश्न या नऊ महिन्यांत मोसुलच्या गल्लीगल्लीत पुन्हा उभा राहिला. वैऱ्याने बळकावलेले नगर सोडवायचे हे खरे. परंतु त्यात कोंडलेल्या लेकरांचे काय? याच दृष्टीने त्या लढ्याची हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नगर आणि त्याचे रहिवासी

तैग्रीस नदीने मोसुलचे दोन भाग केले आहेत. पूर्वेकडील वस्ती बरीचशी नवी, तिचे रस्ते रुंद. पश्चिम तीरावर जुने शहर. तेथील बोळ इतके अरुंद की काही ठिकाणी मोटार शिरू शकत नाही. घरे भिंतीला भिंत लागून उभी, मध्ये लहानसे अंगण आणि खाली तळघर; उन्हाळ्याच्या दुपारी कुटुंबाने तळघराच्या गारव्यात विसावा घ्यावा अशी जुनी रीत. दोन्ही तीरांना जोडणारे पाच पूल होते.

जुन्या शहराच्या मध्यभागी नूरुद्दीन झंगी या राजाने बाराव्या शतकात उभारलेली अल-नूरी मशीद होती. तिचा सुमारे ४५ मीटर उंचीचा विटांचा मनोरा काळाच्या ओघात एका बाजूस कलला होता, म्हणून लोक त्याला ‘अल-हदबा’, म्हणजे कुबड असलेला, असे लाडाने म्हणत. मुसलमान सांगत की तो पैगंबरांना वंदन करण्यासाठी वाकला. ख्रिस्ती सांगत की तो देवमाता मरियेच्या कबरीच्या दिशेने वाकला. दंतकथा दोन, परंतु मनोरा दोघांचाही. तेथून थोड्याच अंतरावर दोमिनिकन धर्मगुरूंनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले देवमातेचे ख्रिस्तमंदिर होते. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी हिच्या देणगीतून त्याला घड्याळाचा मनोरा लाभला, आणि त्यावरून सारे शहर त्या मंदिराला ‘घड्याळाचे मंदिर’ म्हणू लागले. त्याचे टोले ऐकून मुसलमान दुकानदारही आपला वेळ जमवीत.

मोसुल व त्याभोवतालचे निनवेचे मैदान हे पौर्वात्य ख्रिस्तसभेचे प्राचीन माहेर होय. तेथील खाल्डियन व सिरियाक ख्रिस्ती लोक प्रभू येशूच्या मातृभाषेशी जवळचे नाते असलेल्या भाषेत उपासना करतात. या ख्रिस्तसभेचा आपल्या भूमीशीही दूरचा संबंध आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका प्रवाशाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘कल्याणा’ या बंदरात पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचे नमूद करून ठेवले आहे, आणि हे ठिकाण म्हणजे मुंबईजवळचे कल्याण असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तैग्रीसच्या काठी ज्या ख्रिस्तसभेचे मुख्य पीठ होते तिचाच तो बिशप. मलबारच्या ख्रिस्ती लोकांकडेही शतकानुशतके तिकडूनच बिशप येत असत. तेव्हा मोसुलचे दुःख हे आपल्याला सर्वस्वी परके नव्हे.

पतन

हे दुःख एका दिवसात आले नाही. २००३ साली इराकवर परकीय फौजांनी स्वारी केली, जुनी राजवट कोसळली, आणि त्यानंतरच्या अराजकात मोसुलमध्ये अपहरण व खून यांचे सत्र सुरू झाले. ३ जून २००७ रोजी, रविवारचा मिस्साबलि आटोपून बाहेर पडलेले तरुण धर्मगुरू फादर रघीद गन्नी यांना त्यांच्या तीन सहायकांसह गोळ्या घालण्यात आल्या. पुढील वर्षी २९ फेब्रुवारीस मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप पावलोस फराज राहो यांना पळवून नेण्यात आले, आणि दोन आठवड्यांनी त्यांचे शव हाती लागले. ख्रिस्ती कुटुंबे एकामागून एक शहर सोडू लागली.

जून २०१४ मध्ये ती टोळी शहरात शिरली. तिच्याहून संख्येने कितीतरी पट मोठे सैन्य शस्त्रे टाकून पळाले, आणि १० जून रोजी दहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर तिच्या ताब्यात गेले. जुलैच्या आरंभी अल-नूरी मशिदीच्या व्यासपीठावरून टोळीचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी याने स्वतःस खलिफा म्हणून मिरविले. त्याच महिन्याच्या मध्यास ख्रिस्ती लोकांना फर्मान सुटले: धर्म सोडा, नाहीतर जिझिया भरा, नाहीतर चालते व्हा, यापैकी काहीच न केल्यास तलवार. १९ जुलैची दुपार ही शेवटची मुदत. त्यांच्या घरांच्या भिंतींवर अरबी ‘नून’ हे अक्षर रंगविण्यात आले. ‘नस्रानी’, म्हणजे नाझरेथकराचे अनुयायी, या शब्दाचे ते आद्याक्षर. कुटुंबे अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडली. वेशीवरील चौक्यांवर त्यांच्याजवळचे दागिने व पैसेही काढून घेण्यात आले. धर्म सोडून घर राखण्याचा मार्ग त्यांच्यापुढे खुला होता. तो न पत्करता ती निर्वासित झाली. २४ जुलै रोजी योना संदेष्ट्याच्या नावाचे प्राचीन समाधिस्थान सुरुंग लावून उडविण्यात आले. ते एक मशीद होते आणि मुसलमानांनीही ते शतकानुशतके पूज्य मानले होते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

ऑगस्टच्या आरंभी सिंजारच्या डोंगराळ भागातील यझिदी लोकांवर घाला पडला. पुरुषांची कत्तल झाली आणि हजारो स्त्रिया व मुली दासी म्हणून विकल्या गेल्या. ६ ऑगस्टच्या रात्री निनवेच्या मैदानातील सर्वांत मोठे ख्रिस्ती गाव काराकोश रिकामे झाले. त्या धांदलीत दोमिनिकन धर्मगुरू फादर नजीब मिखाईल यांनी शेकडो वर्षांची हस्तलिखिते मालमोटारीत भरून अर्बिल शहरी सुखरूप पोहोचविली. मोसुलमधील धोका ओळखून ती आधीच काराकोश येथे हलवून ठेवण्याची दूरदृष्टी त्यांनी दाखविली होती. पुढे हेच फादर मोसुलचे आर्चबिशप झाले.

या संकटात आपले देशबांधवही सापडले होते. तिक्रित येथील रुग्णालयात सेवा करणाऱ्या ४६ भारतीय परिचारिकांना, ज्या बहुतेक केरळच्या होत्या, मोसुलला नेण्यात आले; सुदैवाने त्यांची सुटका होऊन त्या ५ जुलै २०१४ रोजी मायदेशी परतल्या. मोसुलमध्ये बांधकामावर राबणाऱ्या ३९ भारतीय मजुरांच्या नशिबी मात्र हे नव्हते. त्यांतील बहुतेक पंजाबचे. त्यांच्या माताभगिनींनी जवळजवळ चार वर्षे वाट पाहिली. शहर मुक्त झाल्यावर जवळच्या बदूश येथील एका टेकाडाखाली शवे सापडली, शास्त्रीय तपासणीने ओळख पटली, आणि मार्च २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ती दुःखद वार्ता संसदेत सांगितली.

शहरातील लढाई इतकी बिकट का?

उघड्या माळावरील लढाईत ज्याच्याजवळ रणगाडे व विमाने अधिक, त्याचे पारडे जड असते. शहरात हा हिशेब फिरतो. अरुंद बोळात रणगाड्याला वळताही येत नाही. प्रत्येक घर ही एक गढी होते. तिला गच्ची असते, तळघर असते, पुढचे दार आणि मागचे दार असते. त्यांतील प्रत्येक जागा पाहिल्याखेरीज पुढे पाऊल टाकावे, तर मागून गोळी येते.

टोळीला तयारीसाठी दोन वर्षांहून अधिक अवधी मिळाला होता. तिने घराघरांच्या सामाईक भिंतींना भगदाडे पाडून अशा वाटा केल्या, की तिचे लोक रस्त्यावर न येता गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात. जमिनीखाली भुयारे खणली. मोटारींना लोखंडी पत्रे ठोकून त्यांत स्फोटके भरली. मरणाला तयार झालेला चालक अशी मोटार भरधाव सैन्याच्या तांड्यावर नेऊन आदळी. बाजारात मिळणाऱ्या लहान ड्रोन यंत्रांना हातबाँब बांधून ते वरून टाकले जात. सोडून दिलेल्या घरांत दारांना, कपाटांना, मुलांच्या खेळण्यांनाही सुरुंग जोडलेले असत.

परंतु या सर्वांहून भयंकर हत्यार निराळेच होते. ते म्हणजे शहरातील माणसे. मागे हटताना टोळीचे लोक कुटुंबांना बळजबरीने आपल्याबरोबर हाकीत नेत, एकेका घरात अनेक कुटुंबे कोंबीत आणि त्याच घराच्या गच्चीवरून गोळ्या झाडीत. वर मारेकरी आणि खाली लेकरे. असे घर समोर आले म्हणजे सैनिकाने काय करावे? या लढाईचे सारे मर्म या एका प्रश्नात सामावले आहे.

पूर्व तीर

१७ ऑक्टोबर २०१६ रोजी पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी मोहिमेची घोषणा केली. इराकी सेना, केंद्रीय पोलीस, दहशतवादविरोधी पथके, कुर्द सैनिक व स्वयंसेवक दले मिळून सुमारे एक लाख माणसे तीत होती, आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालील राष्ट्रसंघाची विमाने वर घिरट्या घालीत होती. शहराच्या आतील टोळी काही हजारांची.

पहिल्या आठवड्यातच बार्तेल्ला व काराकोश ही ख्रिस्ती गावे मुक्त झाली. काराकोशच्या भव्य मंदिराचा अंतर्भाग जळून काळा पडला होता. त्याच्या अंगणात नेमबाजीच्या सरावाच्या खुणा होत्या. तरी त्या काजळलेल्या भिंतींत लवकरच मिस्साबलि अर्पण झाला.

शहराच्या वेशीशी सैन्य पोहोचले तेव्हा नागरिकांना विमानातून पत्रके टाकून घरातच राहण्यास सांगण्यात आले. लाखो लोक एकदम बाहेर पडले तर त्यांना सांभाळणार कसे, आणि पळताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तर काय, अशी ती चिंता होती. परिणाम असा झाला, की लढाई लोकांच्या उंबरठ्यापर्यंत, किंबहुना स्वयंपाकघरापर्यंत आली. पाण्याचे नळ बंद पडले; लोकांनी अंगणात विहिरी खणल्या. पूर्व तीरावर मोठ्या तोफांचा मारा शक्यतो आवरण्याचा प्रयत्न झाला, त्यामुळे पुष्कळ घरे उभी राहिली; परंतु सैन्याच्या निवडक पथकांचीही जबर हानी झाली. जे लोक घरात राहू दिले त्यांच्या जिवासाठी सैनिकांनी आपले जीव वेचले, हे सांगितलेच पाहिजे. २४ जानेवारी २०१७ रोजी पूर्व तीर मुक्त झाल्याचे जाहीर झाले. शंभर दिवसांत अर्धे शहर हाती आले. कठीण अर्धे उरले होते.

पश्चिम तीर

१९ फेब्रुवारी रोजी पश्चिम भागावर चढाई सुरू झाली. पाचही पूल निकामी झालेले, त्यामुळे दोन्ही तीरांचा संबंध तुटलेला. पुढे दाट वस्ती आणि त्यापलीकडे जुन्या शहराचे बोळ. येथे तोफा व विमाने यांचा वापर वाढला.

१७ मार्च रोजी अल-जदीदा वस्तीत जे घडले ते या लढाईचे सर्वांत दारुण पान. एका घराच्या गच्चीवर दोन नेमबाज दडून सैन्यावर गोळ्या झाडीत होते. त्यांच्यावर अमेरिकन विमानाने ५०० पौंडांचा बाँब टाकला. त्या घराच्या आत मात्र आसऱ्यास आलेली कितीतरी कुटुंबे होती. घर कोसळले. अमेरिकेच्या स्वतःच्या चौकशीप्रमाणे कमीत कमी १०५ नागरिक त्यात मरण पावले. टोळीने घरात आधीच स्फोटके साठविली होती, म्हणून एवढा संहार झाला, असे चौकशीने म्हटले. वस्तीतील रहिवाशांनी ते मानले नाही. वाद काहीही असो. दोन मारेकऱ्यांसाठी शंभरावर निष्पाप जीव गेले, ही गोष्ट कोणत्याही खुलाशाने हलकी होत नाही.

आणि टोळीच्या क्रौर्याला तर सीमा नव्हती. १ जून रोजी अल-शिफा वस्तीतून निसटू पाहणाऱ्या १६३ स्त्रीपुरुष व मुलांना तिने गोळ्या घालून ठार केले, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क प्रमुखांनी जगापुढे मांडले. जुन्या शहरात कोंडलेले लोक पिठात पाणी कालवून, गवत व पाला शिजवून दिवस काढीत होते. तळघर, जेथे एके काळी आजी दुपारी नातवंडांना निजवी, तेच आता संबंध कुटुंबाचा आसरा झाले होते, आणि कित्येकांची कबरही.

२१ जूनच्या रात्री टोळीने अल-नूरी मशीद आणि तो वाकलेला मनोरा स्वतःच उडवून दिला. ज्या व्यासपीठावरून खिलाफतीचा पुकारा झाला तेच शत्रूच्या हाती पडू नये, हा हेतू. आठशेहून अधिक वर्षे अनेक स्वाऱ्या पाहिलेला मनोरा, इस्लामच्या नावाने चालणाऱ्या टोळीच्या हातून धुळीस मिळाला. १० जुलै २०१७ रोजी पंतप्रधानांनी मोसुलमधून विजय घोषित केला.

किंमत

त्या विजयाचा हिशेब काय? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्मशानांच्या व शवागारांच्या नोंदी तपासून काढलेल्या अंदाजाप्रमाणे या लढाईत नऊ ते अकरा हजार नागरिक मरण पावले. त्यांतील सुमारे एक तृतीयांश मृत्यू इराकी फौजा व त्यांच्या मित्रराष्ट्रांच्या बाँबहल्ल्यांनी व तोफांच्या माऱ्याने झाले होते. नऊ लाखांहून अधिक लोक घरदार सोडून परागंदा झाले. सुमारे ८० लाख टन दगडविटांचा ढीग शहरात पडला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. ज्यांच्या नावाने टोळी राज्य करू म्हणत होती, त्यांनाच तिने सर्वाधिक छळले. ‘मुसलमानांनी ख्रिस्ती लोकांना हाकलले’ एवढेच वाक्य उच्चारून जे थांबतात, त्यांच्याजवळ मोसुलचे अर्धेच सत्य असते.

हे शहर सोडवावयास नको होते, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तेथे राहिलेल्या लोकांना विचारा; मुलींची विक्री, भर चौकातील शिरच्छेद, धुम्रपानासाठी फटके, जळालेले विद्यापीठाचे ग्रंथालय हे सारे ज्यांनी पाहिले, ते ‘सैन्य कशाला आले?’ असे कधीही म्हणणार नाहीत. निरपराध्यांचे रक्षण करणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, असेच आपली ख्रिस्तसभा शिकविते. परंतु तीच ख्रिस्तसभा हेही शिकविते, की युद्धाचे कारण न्याय्य असले म्हणजे युद्धातील प्रत्येक कृत्य न्याय्य होत नाही. संपूर्ण नगरे त्यांतील रहिवाशांसह सरसकट नष्ट करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध होय, असा निर्वाळा व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने १९६५ साली दिला. मोसुलमध्ये संपूर्ण नगराचा नाश हा सैन्याचा हेतू नव्हता, हे उघड आहे. तरीही जे सैनिक पूर्व तीरावर घर वाचविण्यासाठी स्वतः धोका पत्करीत होते, आणि जो बाँब पश्चिम तीरावर दोन नेमबाजांसाठी घर पाडीत होता, त्या दोहोंमध्ये केवढे अंतर आहे! नैतिक निवड ही मोठ्या घोषणांत नसते, ती अशा एकेका घरासमोर करावी लागते.

दगड आणि माणसे

लढाई संपली तरी नगर सुटले असे होत नाही. ढिगाऱ्याखाली शवे होती, सुरुंग होते. मशिदीचे काम चालू असताना २०२४ साली, म्हणजे विजयानंतर सात वर्षांनी, तिच्या भिंतीत दडविलेले पाच मोठे बाँब सापडले, यावरून कल्पना यावी.

तथापि दगडांखालून आशाही उगवली. २०१७ च्या नाताळात मोसुलमधील संत पौलाच्या मंदिरात पुन्हा मिस्साबलि झाला, आणि त्या मंदिराची झाडलोट करून ते सजविण्यास मुसलमान तरुण पुढे आले होते. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने जुन्या शहराच्या जीर्णोद्धाराचे कार्य हाती घेतले. संयुक्त अरब अमिराती या मुसलमान देशाने त्यासाठी पाच कोटी डॉलर दिले. त्या निधीतून अल-नूरी मशीद व मनोरा यांच्याबरोबर घड्याळाचे ख्रिस्तमंदिर आणि सिरियाक कॅथलिकांचे अल-ताहिरा मंदिर हीही उभी राहिली. मनोऱ्याच्या जुन्या विटा ढिगाऱ्यातून वेचून पुन्हा वापरण्यात आल्या. आणि मोसुलकरांनी आग्रह धरला की मनोरा पूर्वीसारखाच वाकडा हवा. त्याप्रमाणे तो वाकडाच बांधला गेला.

७ मार्च २०२१ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस मोसुलला गेले. चार निरनिराळ्या ख्रिस्तसभांची मंदिरे ज्या चौकाभोवती होती त्या चौकात, भग्न भिंतींच्या मध्ये उभे राहून त्यांनी युद्धात बळी पडलेल्या सर्वांसाठी प्रार्थना केली. बंधुत्व हे बंधुहत्येहून चिरंतन आहे, असा त्यांच्या शब्दांचा गाभा होता. त्याच दिवशी काराकोश येथे एका मातेने त्यांच्यासमोर आपली साक्ष दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये तोफगोळ्याने तिचा लहान मुलगा गेला होता. तिने त्या मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले. परतीच्या विमानात पोप महाशयांनी त्या मातेच्या क्षमेची आवर्जून आठवण काढली.

येथे हकिकत गोड करून संपविणे सोपे आहे. परंतु सत्याला ते धरून होणार नाही. काराकोशला बरीच कुटुंबे परतली. मोसुल शहरात मात्र ख्रिस्ती कुटुंबे फार थोडी परतली आहेत. घंटा पुन्हा वाजते, पण ती ऐकून मंदिरात येणारे कितीतरी जण आज दूरच्या देशांत आहेत. ज्या शेजाऱ्याने संकटात आपले दार लावून घेतले, किंवा आपल्या रिकाम्या घरात सामान आणून ठेवले, त्याच्या शेजारी पुन्हा राहावयास केवळ नवी भिंत पुरत नाही. विटा वेचून मनोरा पुन्हा उभारता येतो. विश्वास मात्र असा वेचून उभारता येत नाही, तो शेजाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकमेकांना द्यावा लागतो. म्हणूनच झाडू हाती घेऊन आलेले ते मुसलमान तरुण आणि क्षमा करणारी ती ख्रिस्ती माता यांचे काम आम्हाला कोणत्याही पथकाच्या पराक्रमाइतकेच मोलाचे वाटते. सैन्याने नगर टोळीच्या हातून काढून घेतले. ते पुन्हा माणसांच्या स्वाधीन करण्याचे काम या लोकांनी आरंभले आहे.

पौर्वात्य ख्रिस्ती लोक दरवर्षी उपवासकाळाच्या सुमारे तीन आठवडे आधी ‘निनवेचा उपवास’ तीन दिवस पाळतात. निनवेकरांनी केलेल्या पश्चात्तापाची ती आठवण. निर्वासितांच्या छावण्यांतही हा उपवास सुटला नाही. आपल्या कुटुंबांतून सायंकाळी जपमाळ म्हणताना त्या तीन दिवसांपैकी एखाद्या दिवशी एक गूढ मोसुलसाठी अर्पण करता येईल: परतलेल्यांसाठी, न परतू शकलेल्यांसाठी, आपल्या त्या ३९ मजुरांच्या घरांसाठी, आणि अल-जदीदाच्या त्या घरात मेलेल्या मुसलमान लेकरांसाठीही. आणि उद्या कोठल्याही नगराचे नाव वृत्तपत्रात येईल, ‘ते शत्रूचे आहे, जळू द्या’ असे कोणी आपल्या ओसरीवर बसून म्हणेल, तेव्हा त्या नगरात उजवा-डावा हात न ओळखणारी मुले किती असतील, एवढे त्याला अवश्य विचारावे.